चादरींना उठाव, पण सूत हलेना: चिपचा कच्चा माल पुरवणाऱ्या अडचणीतल्या कंपनीत पैसे घालण्याआधी

२००९ च्या दिवाळीत चादरींना उठाव आला, पण आमच्या दुकानातलं सुताचं एक बाचकंही हललं नाही. सोलापूरच्या साखर पेठेत दुकान होतं आमचं. समोरून चादरींच्या गठड्या भरलेले टेम्पो रोज जाताना दिसायचे. मी वैतागून आप्पांना विचारलं, "माल तर विकला जातोय, मग कारखानदार सूत का नेईनात?" ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी मला एका ओळखीच्या कारखानदाराच्या शेडमध्ये घेऊन गेले. मागांच्या पलीकडे, भिंतीला लागून, पत्र्यापर्यंत सुताची बाचकी रचलेली होती. काहींवर आमच्याच दुकानाची चिठ्ठी होती, सहा महिन्यांपूर्वीच्या तारखेची. "हे संपल्याशिवाय ते आपल्याकडे कशाला येतील?" आप्पा म्हणाले.

पहिली खरी मागणी आली ती जानेवारीतली गड्ड्याची यात्रा उरकल्यावर. तोवर आमच्या गल्लीतली दोन दुकानं बंद झाली होती. त्यांचं सूत वाईट नव्हतं. मागणी यायच्या आधी बँकेचा हप्ता आला, एवढंच.

सेमीकंडक्टरसाठी, म्हणजे चिपसाठी, कच्चा माल बनवणाऱ्या कंपनीचा शेअर मंदीत घ्यायचा विचार असेल, तर ही दोन बंद दुकानं डोळ्यांसमोर ठेवून पुढचं वाचा. गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्याकडची बरीच तरुण मुलं या शेअरबद्दल विचारायला येतात. कुणी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना सांभाळतं, कुणी पुण्याला आयटीत आहे. "भाव सत्तर टक्के पडलाय, आता घेऊ का?" हा सगळ्यांचा पहिला प्रश्न. भाव किती पडला हे मी शेवटी बघतो. आधी बघायचं ते असं.

आधी पैसा कुठला ते ठरवा

यावर फार लिहित नाही. जो पैसा पाच वर्षं लागणार नाही, तोच इथे घाला. मागाच्या कर्जाचा हप्ता, घरातलं लग्न, मुलांची फी यातला रुपयाही नको. आणि एका कंपनीत आपल्या एकूण गुंतवणुकीच्या तीन ते पाच टक्क्यांपेक्षा जास्त नको, कारण अशा कंपनीत सगळं बुडण्याची शक्यता खरोखरच असते. पुढे त्याचं उदाहरण येईल.

कंपनी नेमकं काय विकते?

"सेमीकंडक्टर कंपनी" या दोन शब्दांवर पैसे घालू नका. चिपचा कारखाना चालायला शेकडो वस्तू लागतात. मुख्य म्हणजे वेफर, सिलिकॉनची आरशासारखी गुळगुळीत चकती. १४१४ अंश सेल्सिअसला सिलिकॉन वितळतं, त्या रसातून एकच अखंड स्फटिक हळूहळू वर ओढतात आणि मग त्याचे काप करतात. आजच्या मोठ्या कारखान्यांत ३०० मिलिमीटर व्यासाचा वेफर चालतो. हा धंदा प्रामुख्याने पाच घरांच्या हातात आहे: जपानच्या शिन-एत्सू आणि सुम्को, तैवानची ग्लोबलवेफर्स, जर्मनीची सिल्ट्रॉनिक, कोरियाची एसके सिल्ट्रॉन. वेफरशिवाय फोटोरेझिस्ट (प्रकाशाने नक्षी उमटवायचं रसायन), पॉलिशची स्लरी म्हणजे घासायचं पातळ मिश्रण, अतिशुद्ध वायू, हायड्रोफ्लोरिक ॲसिड, धातूचा थर चढवायची टार्गेट्स लागतात. इलेक्ट्रिक गाड्यांत वीज हाताळणाऱ्या काही चिपसाठी सिलिकॉन कार्बाइडचे वेफर लागतात.

यात एक भेद आधी करून घ्या. स्लरी, वायू, ॲसिड हे रोज खपतं आणि कारखान्यात फार दिवस साठवूनही ठेवत नाहीत. कारखाना चालू तर माल चालू. वेफर मात्र महिनोन्‌महिने कपाटात राहू शकतो, म्हणजे तो आपल्या सुतासारखा. म्हणून मंदीत वेफरवाल्याला मार जास्त दिवस बसतो. आणि जी कंपनी नवा कारखाना उभा राहताना लागणारं सामान विकते, तिची चाल आणखी वेगळी.

या धंद्याची एक जमेची बाजू आहे. चिपवाला आपला पुरवठादार सहजासहजी बदलत नाही. नव्याचा माल तपासून मंजूर करायला अनेक महिने जातात, कधी वर्षाहून जास्त. जुलै २०१९ मध्ये जपानने कोरियाला जाणाऱ्या फक्त तीन रसायनांवर निर्यातीचे निर्बंध आणले, तर सॅमसंगसारख्यांची धावपळ उडाली होती. त्यामुळे पुरवठादार अडचणीत आला तरी त्याचं गिऱ्हाईक बहुधा टिकून राहतं. धोका असतो तो गिऱ्हाईक पुन्हा माल उचलायला लागेपर्यंत कंपनीच टिकते का, याचा.

भारतातल्या शेअरबद्दल एक सूचना. आपल्याकडे औद्योगिक वायू आणि फ्लोरिनची रसायनं बनवणाऱ्या चांगल्या नोंदणीकृत कंपन्या आहेत आणि धोलेरा, साणंदच्या बातम्यांनी त्यांच्यावर "सेमीकंडक्टर"चा शिक्का बसला आहे. वार्षिक अहवाल काढा आणि या मालातून एकूण विक्रीचा किती हिस्सा येतो ते शोधा. आकडाच दिलेला नसेल किंवा अगदी किरकोळ असेल, तर तुम्ही घेताय तो शेअर रेफ्रिजरंटचा किंवा औषधी रसायनांचा आहे. तो चांगलाही असेल. पण त्याचा हिशोब वेगळा करावा लागतो.

मंदी कुठल्या जातीची आहे?

मंदी तीन तऱ्हेची असते आणि नवखा माणूस सगळ्या एकाच मापाने मोजतो.

पहिली साठ्याची. कोविडच्या काळात चिपची टंचाई झाली, तेव्हा सगळ्यांनी गरजेपेक्षा जास्त माल मागवला, मग तो पडून राहिला. ही मंदी जाते, फक्त वेळ घेते. जगातली चिपची विक्री २०२२ मध्ये ५७४ अब्ज डॉलर होती, ती २०२३ मध्ये ५२७ अब्जांवर आली आणि २०२४ मध्ये सुमारे १९ टक्क्यांनी वाढून आधीच्या विक्रमाच्याही पुढे गेली. वर्तमानपत्रांत तेजीच्या बातम्या झळकल्या. आता त्याच काळातले वेफर बघा. क्षेत्रफळाच्या हिशोबाने वेफरची रवानगी २०२३ मध्ये १४ टक्क्यांनी घटली आणि २०२४ मध्ये, म्हणजे चिपच्या विक्रमी वर्षात, आणखी जवळपास ३ टक्क्यांनी घटली.

साखर पेठेतली दिवाळी ती हीच. चादरी विकल्या जात होत्या आणि बाचकी पत्र्यापर्यंत रचलेली होती. वर आणखी एक गोष्ट होती. २०२४ च्या वाढीत एआयच्या महागड्या चिपचा वाटा मोठा होता. चिप दसपट महाग झाली म्हणून तिला दसपट वेफर लागत नाही. रुपयांत वाढलेली विक्री आणि नगांत वाढलेली विक्री यातला फरक पुरवठादाराला पहिल्यांदा जाणवतो.

दुसरी मंदी मागणी खरोखर कोसळल्याची. २००१ मध्ये चिपची विक्री एका वर्षात ३२ टक्क्यांनी पडली. ती भरून यायला कितीतरी जास्त काळ लागतो.

तिसरी जात सगळ्यात वाईट. नवा स्पर्धक कायमचा भाव पाडतो. सिलिकॉन कार्बाइडच्या वेफरचं हेच झालं. चिनी कंपन्यांनी प्रचंड क्षमता उभी केली आणि दर कोसळले. गाड्यांचा खप पुन्हा वाढला तरी जुना दर परत येत नाही. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या बंद पडलेल्या कापडगिरण्यांच्या आवारांवरून रोज जाणाऱ्या सोलापूरकराला हे वेगळं सांगायला नको. कापड जगात विकलं जात राहिलं. त्या भोंग्यांचे आवाज मात्र परत आले नाहीत.

कंपनीच्या गेल्या चार तिमाहींच्या निवेदनांत "साठा" हा शब्द किती वेळा येतो आणि "दरावरचा दबाव" किती वेळा, ते बघा. साठ्याबरोबर दरही घसरत असेल, तर तिसऱ्या जातीचा संशय घ्या.

महिने मोजा

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. एक वही, एक पेन आणि ताळेबंद घेऊन बसा. अमेरिकी कंपनीची सगळी कागदपत्रं तिथल्या बाजार नियामकाच्या एडगर या साइटवर फुकट मिळतात, भारतीय कंपनीची एनएसई-बीएसईवर.

समजा एका कंपनीकडे ६०० कोटी रोकड आहे. व्याज धरून धंद्यातून दर तिमाहीला ४० कोटी बाहेर जातात. तेजीत सुरू केलेला नवा कारखाना अर्धवट आहे, त्यावर तिमाहीला ६० कोटी बांधील खर्च. म्हणजे तिमाहीला १०० कोटी. ६०० भागिले १००, सहा तिमाह्या, १८ महिने. बहुतेक जण इथे थांबतात. आता ताळेबंदाखालच्या टिपांमध्ये जा आणि कर्जाच्या परतफेडीच्या तारखा काढा. बाराव्या महिन्यात २५० कोटींचे रोखे फेडायचे आहेत. तोवर रोकड उरलेली असेल २००. म्हणजे ही कंपनी कागदावर १८ महिने आणि प्रत्यक्षात १२ महिने जगते. त्यात अकराव्या महिन्यात बँक नवं कर्ज देईलच असं धरायचं नाही, कारण मंदीच्या तळाशी बँकाही घाबरलेल्या असतात.

वेफरची रवानगी गेल्या मंदीत सलग दोन वर्षं घटली. म्हणून मी २४ महिने ही किमान अट धरतो. नवं कर्ज न काढता, नवे शेअर न विकता २४ महिने निघतात का? निघत नसतील तर मी पुढचं पानही उलटत नाही, भाव कितीही पडलेला असो.

हे किती खरं असतं ते वुल्फस्पीडने दाखवलं. उत्तर कॅरोलिनातली १९८७ ची कंपनी, आधीचं नाव क्री, सिलिकॉन कार्बाइडमधलं जगातलं मोठं नाव. तंत्रज्ञान अस्सल. जपानच्या रेनेसास या चिपकंपनीने २०२३ मध्ये केलेल्या वेफरच्या दहा वर्षांच्या करारापोटी २ अब्ज डॉलर आगाऊ दिले होते. कंपनीकडे २०२५ च्या वसंतात एक अब्ज डॉलरहून जास्त रोकडही होती. पण कर्ज साडेसहा अब्जांच्या आसपास होतं आणि मे २०२६ मध्ये ५७.५ कोटी डॉलरचे परिवर्तनीय (शेअरमध्ये बदलता येणारे) रोखे फेडायचे होते. ३० जून २०२५ ला तिने दिवाळखोरीतल्या संरक्षणासाठी अर्ज केला आणि सप्टेंबरअखेर ती बाहेरही आली. कारखाने चालू, नाव तेच, कर्ज सुमारे ७० टक्क्यांनी हलकं. जुन्या भागधारकांना मात्र १००० शेअरच्या बदल्यात ८ च्या आसपास नवे शेअर मिळाले. "कंपनी बंद पडणार नाही" हे ज्यांनी ओळखलं होतं ते बरोबर होते, आणि तरीही त्यांचे पैसे गेले. कंपनी वाचणं आणि शेअरवाला वाचणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे नवख्याच्या मनावर बिंबवायला याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

गोदामात डोकावा, त्यांच्या आणि गिऱ्हाइकाच्या

कंपनीचा साठा ४५० कोटींचा आणि तिमाहीत विकलेल्या मालाचा खर्च ३०० कोटी असेल, तर ४५० भागिले ३०० गुणिले ९०, म्हणजे १३५ दिवसांचा माल पडून आहे. चांगल्या दिवसांत हा आकडा किती होता? ८० असेल, तर कारखाना विक्रीपेक्षा जास्त माल काढतोय. हे मुद्दाम केलं जातं, कारण भट्टी चालू ठेवली की घसारा, म्हणजे यंत्रांच्या झिजेचा खर्च, जास्त मालावर वाटला जातो आणि तिमाहीचा नफा बरा दिसतो. पुढे साठ्याचं मूल्य घटवावं लागतं, तेव्हा ते सगळं एकदम बाहेर येतं.

मग गिऱ्हाइकांचे निकाल काढा. मायक्रॉन, सॅमसंग, टीएसएमसी या चिप बनवणाऱ्यांच्या साठ्याचे दिवस असेच मोजता येतात. त्यांचे दिवस सलग दोन-तीन तिमाह्या कमी होत आले की पुरवठादाराकडे बघायची वेळ जवळ येते. या पायरीला तासभर लागतो आणि लोक ती हमखास वगळतात.

दीर्घ मुदतीच्या करारांवर फार विसंबू नका. करार असतात, आगाऊ रक्कमही घेतलेली असते, पण मंदीत मोठं गिऱ्हाईक म्हणतं, "या वर्षीचा माल पुढच्या वर्षी घेतो", आणि पुरवठादाराला हो म्हणावं लागतं. ओळखीच्या कारखानदारावर आप्पांनी कधी कोर्टात दावा लावला नाही, कारण पुढच्या दिवाळीलाही तोच गिऱ्हाईक होता. इथेही तसंच आहे.

आता भाव

पीई, म्हणजे भाव प्रति शेअर नफ्याच्या कितीपट आहे ते, बघून हा शेअर घेऊ नका. तेजीच्या टोकाला प्रति शेअर नफा १०० रुपये आणि भाव ८००, म्हणजे पीई ८, वाटतं फुकट मिळतोय. पुढच्या वर्षी नफा १० रुपये, भाव ३००, पीई ३०, वाटतं महाग आहे. प्रत्यक्षात पहिला भाव घातक होता आणि दुसरा विचार करण्याजोगा. म्हणून गेल्या सात-आठ वर्षांचा, तोट्याची वर्षं धरून, सरासरी नफा काढा आणि आजच्या शेअरसंख्येने भागा. मध्ये नवे शेअर काढले असतील तर जुना प्रति शेअर नफा परत येणार नसतो. मग त्या सरासरीच्या कितीपट भाव चालू आहे ते पाहा.

कुणी मोठ्याने लावलेली बोलीही किमतीचा आधार मानू नका. ग्लोबलवेफर्सने सिल्ट्रॉनिकसाठी शेअरमागे १४५ युरोची बोली लावली होती. जर्मन सरकारची परवानगी ३१ जानेवारी २०२२ च्या मुदतीत मिळाली नाही आणि व्यवहार फिसकटला. पुढे सिल्ट्रॉनिकचा सिंगापूरचा मोठा कारखाना मंदीतच सुरू झाला, घसारा वाढला, आणि २०२४ च्या अखेरीस भाव ५० युरोच्या आसपास होता. "१४५ देत होते, ८० ला मिळतोय" म्हणत घेणाऱ्यांनी धंद्याकडे न बघता बोलीकडे बघितलं.

घ्यायचा तर कसा

ठरवलेल्या रकमेचे तीन भाग करा. पहिला आता, दुसरा पुढच्या दोन निकालांनंतर, तिसरा त्यानंतर. भाव पडला म्हणून दुसरा भाग घालायचा नाही. साठ्याचे दिवस कमी झाले आणि महिन्यांचा हिशोब टिकून आहे असं दिसलं, तरच घालायचा. तेव्हा भाव थोडा वर गेलेला असेल. तो फरक आनंदाने द्यावा. नुसतं "ॲव्हरेज" करत खाली जाणारी माणसं मी पार्क चौकातल्या ब्रोकरच्या ऑफिसात पाहिली आहेत, फार वाईट वाटतं.

विदेशी शेअर असेल तर काही कागदी गोष्टी आधी समजून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या एलआरएस योजनेखाली माणशी वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण त्या पैशावर मार्जिन किंवा उसनवारीचा व्यवहार चालत नाही. आर्थिक वर्षात १० लाखांवरच्या रकमेवर बँक २० टक्के टीसीएस, म्हणजे आगाऊ कर, कापते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसा अडकतो. अमेरिकी लाभांशातून २५ टक्के तिथेच कापले जातात. २४ महिन्यांनंतर विकलं तर दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर, अधिक उपकर. त्याआधी विकलं तर तुमच्या स्लॅबने. विवरणपत्रात विदेशी मालमत्तेचा तक्ता भरावाच लागतो, आणि तो आर्थिक वर्षाचा नसून जानेवारी ते डिसेंबरचा असतो. इथे नेहमीचे करसल्लागारसुद्धा चुकतात, म्हणून स्वतः विचारा. न भरल्यास १० लाख रुपये दंड होऊ शकतो. जपानी कंपन्यांचा शेअर तोक्योत सहसा १०० च्या गठ्ठ्यात घ्यावा लागतो, त्यामुळे छोट्या रकमेला ती वाट अवघड पडते.

व्हॉट्सॲपवर टीप देणारा सेबीकडे नोंदणीकृत आहे का, ते सेबीच्या साइटवर दोन मिनिटांत कळतं. नसेल तर त्याचा नंबर ब्लॉक करा.

विकायचं कधी, हेही आजच लिहा

मिसुरीतल्या एमईएमसीची गोष्ट यासाठी सांगतो. १९५९ मध्ये मोन्सँटोने सुरू केलेली वेफरची कंपनी. २००१ च्या मंदीत ती इतकी रसातळाला गेली की जर्मन मालक ई-ऑनने आपला सुमारे ७२ टक्के हिस्सा नाममात्र किमतीला टेक्सस पॅसिफिक ग्रुपला देऊन टाकला. नव्या मालकांनी कर्जाची फेरमांडणी केली, पैसा पुरवला, आणि कंपनी उभी राहिली. तेव्हा एक-दोन डॉलरच्या घरात असलेला शेअर २००७ च्या अखेरीस ८० डॉलरच्याही वर गेला. पण तिथे गोष्ट संपली नाही. कंपनी सौर प्रकल्पांत शिरली, २०१३ मध्ये सनएडिसन नाव घेतलं, कर्ज वाढवत गेली आणि एप्रिल २०१६ मध्ये दिवाळखोरीत निघाली. वेफरचा धंदा २०१४ मध्येच वेगळा काढला होता. तो २०१६ च्या अखेरीस ग्लोबलवेफर्सने विकत घेतला. म्हणजे मूळ धंदा आजही चालू आहे, आणि सनएडिसनचा शेअर हातात धरून बसलेल्याकडे काही उरलं नाही.

म्हणून पहिली ऑर्डर टाकण्याआधी वहीत एक पान करा. वर कंपनीचं नाव, तारीख, आजची रोकड, तिमाहीचा खर्च, कर्जफेडीची सगळ्यात जवळची तारीख, साठ्याचे दिवस. खाली विकण्याची कारणं: महिन्यांचा हिशोब २४ वरून १२ वर आला तर, दराचा मार कायमचा आहे असं दिसलं तर, कंपनीने आपला धंदा सोडून भलत्याच धंद्यासाठी कर्ज काढलं तर. आणि चांगल्या दिवसांतलंही एक कारण लिहा: सगळे पुरवठादार एकाच वेळी नवे कारखाने जाहीर करू लागले आणि गिऱ्हाइकं आगाऊ रक्कम घेऊन दारात उभी राहिली, तर निम्मे शेअर विकायचे. पानाच्या तळाशी पुढच्या निकालाची तारीख घाला आणि त्या संध्याकाळी हेच आकडे नव्याने भरा.